यामो की यामोऽ

मला स्पॅनिश येतं ही बातमी आमच्या इस्टेटमध्ये, म्हणजे इथल्या कॉलनीत, मीच पसरवली होती. मुद्दाम नव्हे. स्लायगोला राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात पलीकडच्या घरातले म्हातारे गृहस्थ कुंपणापाशी भेटले. बोलता बोलता कळलं की ते मूळचे चिलीचे, तरुणपणी आयर्लंडला आले आणि इथलेच झाले. मी उत्साहाच्या भरात दोन वाक्यं स्पॅनिशमध्ये बोलून टाकली. त्यांचा चेहरा एकदम उजळला. उत्तरादाखल त्यांनी जे सुरू केलं त्यातलं मला अक्षर कळलं नाही. मी नुसती हसत मान हलवत राहिले. पण त्यांनी लगेच आत वळून बायकोला हाक मारली आणि सांगितलं, शेजारी स्पॅनिश बोलणारी मुलगी आली आहे.

त्या दोघांना आम्ही घरात काका आणि मावशी म्हणायचो. इथे वयाचा विचार न करता सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. सत्तरीच्या बाईला नावाने हाक मारताना माझी जीभ अडखळायची, म्हणून मी हाकच मारायची नाही. 'हॅलो'वर भागवायची. मावशी इथल्याच, स्लायगोजवळच्या खेड्यातल्या. काका सुतार. आयुष्यभर त्यांनी लोकांची स्वयंपाकघरं सजवली. आमच्या ओट्याखालच्या कपाटाचं दार लोंबायला लागलं तेव्हा त्यांनी येऊन ते नीट बसवून दिलं. कपाटाला इथे प्रेस म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं, नाहीतर 'तुझा प्रेस बिघडलाय' म्हटल्यावर मी इस्त्री शोधत होते.

माझ्या स्पॅनिशची खरी हकीकत सांगते. पुण्यात मी ज्या कंपनीत होते तिला मेक्सिकोचं काम मिळालं होतं, म्हणून आम्हा काही जणांना शनिवारी सकाळी क्लासला पाठवत. आलेले मेल वाचायचे, त्यांना उत्तरं द्यायची, एवढंच काम. कानाने ऐकायची वेळ कधी आलीच नाही. आमचे सर मराठीच होते आणि भलतेच शिस्तीचे. पहिले काही शनिवार त्यांनी आम्हाला फक्त शब्द उच्चाराच्या तुकड्यांत तोडायला लावले. रस्त्याला शब्द आहे 'काये'. लिहिताना त्यात दोन एल येतात. मी आपल्या 'गल्ली'सारखा तो मधोमध तोडला, एक एल इकडे, एक तिकडे. सर म्हणाले, "ते दोन नाहीत, एकच आहे. जोडी फोडायची नाही."

मग जोराचा नियम आला. शब्दाच्या शेवटी स्वर, एन किंवा एस असेल तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. नाहीतर शेवटच्यावर. आणि या नियमाला न जुमानणाऱ्या शब्दांच्या डोक्यावर एक तिरकी रेघ. कागदावरचा शब्द समोर असला की मी नियम लावून जोर कुठे ते बरोबर सांगायची. पण सरांनी शब्द नुसता उच्चारला आणि "जोर कुठे होता?" असं विचारलं की मी खिडकीबाहेर बघायला लागायची. मराठीत 'बटाटा' म्हणताना आपण कुठल्या अक्षरावर जोर देतो हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. कुठेही दिला तरी तो बटाटाच राहतो. तिकडे मात्र 'पापा' म्हणजे बटाटा आणि 'पापाऽ' म्हणजे वडील. क्रियापदांचं तर आणखी कठीण. 'आब्लो', पहिल्या तुकड्यावर जोर, म्हणजे मी बोलतो. 'आब्लोऽ', शेवटी जोर, म्हणजे तो बोलला. नुसता जोर हलला तर माणूसही बदलतो आणि काळही.

"सर, पण समोरचा घाईत बोलला तर?" मी विचारलं होतं.

"त्यांना कळतं."

"आणि आपल्याला?"

"सवयीने कळेल," सर म्हणाले. सवय व्हायच्या आत माझं लग्न झालं आणि मी आयर्लंडला आले.

आमचं दुसरं वर्ष सुरू झालं आणि शरद ऋतूत काकांना स्ट्रोक आला. बरेच आठवडे ते गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात होते. घरी आले तेव्हा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, चालताना वॉकर लागायचा, आणि बोलणं गेलं होतं. पूर्ण नाही. इंग्रजी मात्र सगळं गेलं होतं. मावशींशी इतकी वर्षं ते ज्या भाषेत बोलले, भांडले, ती पुसून गेल्यासारखी झाली, आणि तळाशी स्पॅनिशचे काही तुकडे उरले.

मावशी एका दुपारी आमच्याकडे आल्या. कोट न काढताच म्हणाल्या, "तुला येतं ना ते? मला नाही येत. त्यांनी माझ्यासाठी इंग्रजी शिकून घेतलं, मग मला कशाला लागलं असतं?"

मी हो म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं असं तेव्हाही वाटलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणता येईना.

आठवड्यातून एकदा स्पीच थेरपिस्ट घरी यायची. तरुण, हसरी मुलगी. तिला स्पॅनिशचा गंधही नव्हता. तिने मला तिची पद्धत समजावून सांगितली. काकांचा डावा हात हातात घ्यायचा, शब्द गाण्यासारखा गुणगुणायचा, आणि प्रत्येक तुकड्याला टेबलावर एक थाप द्यायची. जोराच्या तुकड्याला थाप मोठी. "चालीवरून शब्द सापडतो कधी कधी," ती म्हणाली. "तू फक्त मला शब्द तोडून दे आणि जोर कुठे ते सांग."

म्हणजे नेमकं जे मला येत नव्हतं ते.

पहिला शब्द पाण्याचा घेतला. 'आग्वा'. मी मनाशी हिशेब केला, स्वर तीन, तर तुकडे तीन. आ-गु-आ. काकांचा हात धरून तीन थापा दिल्या. काकांनी हात काढून घेतला. माझ्याकडे असं बघितलं, जसं दाराची बिजागरी उलटी लावणाऱ्या नवशिक्याकडे बघावं. मग त्यांनी स्वतः टेबलावर दोन थापा दिल्या, पहिली दणकून, दुसरी हलकी, आणि घशातून 'आ... वा' असं काहीतरी आलं. थेरपिस्टने टाळ्या वाजवल्या. मावशींनी पाण्याचा ग्लास भरला आणि तो काकांच्या डाव्या हातात दिला.

आता मी शहाणी झाले. शेजारी शेजारी आलेले स्वर जोडायचे, हे लक्षात ठेवलं. पुढचा शब्द थंडीचा, 'फ्रीओ'. मी दोन्ही स्वर जोडून एकच थाप दिली. काकांनी पुन्हा हात काढून घेतला. या वेळी दोन थापा हव्या होत्या. मला कळेना, एकदा जोडायचे आणि एकदा तोडायचे, हे कसं? घरी येऊन इंटरनेटवर शोधलं तर सापडलं, की त्यातल्या 'ई'वर तिरकी रेघ आहे, आणि ती रेघ दोन स्वरांना वेगळं करते. सरांनी हे नक्की शिकवलं असणार. वाचल्यावर पटलं, आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या समोर बसल्यावर पुन्हा गोंधळ झाला.

असं चाललं होतं. पाणी आलं, थंडी आली, 'नाही' आलं. ख्रिसमसच्या थोडं आधी माझ्या सासूबाई अकोल्याहून आमच्याकडे आल्या. त्याच सुमाराला एका सकाळी मावशी दारात उभ्या. चेहरा वेगळाच.

"काल मी दुकानातून आले तर ते हॉलमध्ये फोनपाशी उभे होते," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे अजून तारेचा फोन होता. "आणि तेव्हापासून एकच शब्द चाललाय. यामो, यामो. काय अर्थ त्याचा?"

"मी फोन करतो," मी लगेच सांगितलं. मग थांबले. "किंवा... त्याने फोन केला."

"त्याने म्हणजे कोणी?"

"कुणीही. तो असेल, ती असेल. शब्दावरून कळत नाही. जोर कुठे आहे त्यावर आहे. सुरुवातीला असेल तर मी करतो. शेवटी असेल तर कुणीतरी केला."

मावशी आमच्या जिन्याच्या पायरीवरच बसल्या. मग त्यांनी सांगितलं. त्यांचा एकुलता मुलगा पर्थला असतो, ऑस्ट्रेलियात. तो तिथे कायमचा राहणार म्हणाला तेव्हा काका भडकले. मुलगा म्हणाला, "तुम्ही तरी कुठे परत गेलात?" त्यानंतर बाप-लेकांचं बोलणं बंद. मुलगा आईच्या मोबाइलवर बोलायचा, घरच्या फोनवर कधीच करायचा नाही. स्ट्रोकनंतर त्याला यायचं होतं, पण मावशींनीच थांबवलं, बापाला आवडेल की नाही या धास्तीने.

"त्याने घरी फोन केला असेल का?" मावशी म्हणाल्या. "की यांना करायचाय?"

"त्यालाच विचारा ना," मी म्हटलं.

"आणि त्याने केलाच नसेल तर? मग मी काय सांगू? तुझे वडील तुला फोन करणार म्हणतात? आणि तसंही नसेल तर?"

मी पायात चप्पल सरकवून त्यांच्यामागे गेले. काका खिडकीशी बसले होते. मला बघून म्हणाले, "यामो."

मी कान देऊन ऐकलं. दोन्ही तुकडे सारखे. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा सारखे. मी त्यांच्यासमोर दोन्ही प्रकार करून दाखवले, आधी 'यामो', मग 'यामोऽ', आणि खुणेने विचारलं, कुठला? काकांनी दोन्ही वेळा मान डोलावली. थापा द्यायला सांगितलं तर दोन थापा दिल्या, एकीसारखी दुसरी. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला पहिल्यांदा वाटलं की जोर सुरुवातीला आहे. मग वाटलं, नाही, शेवटी. मग वाटलं की मला जे वाटावंसं वाटतंय तेच मला ऐकू येतंय.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, रेकॉर्ड कर, फोनमधलं ॲप सांगेल. दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्ड करून आणलं. ॲपला ऐकवलं तर ते म्हणालं, 'मी फोन करतो.' खात्रीसाठी तेच पुन्हा ऐकवलं तर म्हणालं, 'ज्वाला.' तिसऱ्यांदा म्हणालं, 'आता मी प्रेम करतो.' नवरा हसायला लागला. मलाही हसू आलं आणि त्याच वेळी रडावंसंही वाटलं.

सासूबाई भाजी निवडत हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं, आणि हातातली मेथी तशीच राहिली.

"अवं माय! हा मानूस तं यमाचं नाव घेऊन राह्यला," त्या म्हणाल्या.

"आई, ते स्पॅनिश आहे," नवरा म्हणाला.

"असंन बाप्पा इस्पॅनिश. पन मले तं यमच आयकू येते. त्याले म्हना, असं नोको बोलू. बायको घाबरते ना त्याची."

त्यानंतर त्या माझ्याबरोबर रोज काकांकडे यायला लागल्या. त्यांच्या शेजारी बसून अकोल्याच्या गोष्टी वऱ्हाडीतून सांगायच्या. काका मान हलवायचे आणि मधेच "यामो" म्हणायचे. त्या त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणायच्या, "नाई, आत्ताच नाई." मावशी मला विचारायच्या, "त्या काय म्हणतात?" त्याचं मी भाषांतर केलं नाही.

थेरपिस्ट आली तेव्हा तिला विचारलं. ती म्हणाली, स्ट्रोकमध्ये कधी कधी शब्द राहतो आणि त्याची चाल जाते. सगळं एका पट्टीत येतं. "इंग्रजीत तरीही अंदाज येतो. तुमच्या शब्दात चालीवरच सगळं आहे, त्याला मी काय करू?"

शेवटी मावशींनीच निर्णय घेतला. एका दुपारी, पर्थला रात्र असताना, त्यांनी मला बोलावून घेतलं. काकांची खुर्ची हॉलमध्ये फोनपाशी आणली आणि नंबर लावला. "मला अर्थ लागत नाही, तर नाही लागत," त्या म्हणाल्या. "फोन तर लागेल."

स्पीकर लावला होता. मुलाचा आवाज आला, आधी घाबरलेला, कारण घरच्या नंबरवरून फोन म्हणजे काहीतरी झालं असणार. मावशींनी घाईघाईने सांगितलं की काही झालेलं नाही, फक्त एक विचारायचंय.

"तू इथे फोन केला होतास का रे? मी नसताना?"

"नाही."

 मावशींनी माझ्याकडे बघितलं. काका फोनकडे वाकले.

"यामो," ते म्हणाले.

 मग मुलगा हळूच म्हणाला, "पुन्हा म्हणायला सांग."

"यामो."

मुलाच्या श्वासाचा आवाज ऐकू आला. मग त्याने विचारलं, स्पॅनिशमध्ये, लहान पोराने धडा म्हणावा तसं, प्रत्येक तुकडा मोजून, "कोमो ते यामास?" तुझं नाव काय?

हा प्रश्न मलाही येत होता. पहिल्या शनिवारचा पहिला धडा. त्याचं उत्तर 'मे यामो' आणि पुढे नाव. माझं नाव अमुक. फोन करण्याचंच क्रियापद नावालाही लागतं, आणि 'यामो' त्यातलाच, फक्त आधीचा छोटा 'मे' गळालेला. इतके दिवस मी शब्दाच्या शेवटाकडे कान लावून बसले होते आणि शब्दाच्या आधी काही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काका सरळ बसले. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. "...यामो," ते म्हणाले, आणि पाठोपाठ स्वतःचं नाव. अर्धं नाही. पहिलं नाव, मधलं, वडिलांचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं, अशा चालीत की त्यातला जोर मलासुद्धा कळला.

मावशी भिंतीला टेकल्या. मुलगा पलीकडे रडत होता की हसत होता, मला नक्की सांगता येणार नाही. तो म्हणाला, लहानपणी काका त्याला व्हॅनमधून कामावर न्यायचे, तेव्हा वाटेत हाच खेळ चालायचा. ते विचारायचे, हा सांगायचा. मग हा विचारायचा.

मी विजयी चेहऱ्याने घरी आले. सासूबाईंना सांगितलं की यम वगैरे काही नाही, ते नाव सांगत होते. त्या म्हणाल्या, "सांगतलं नं नाव? मंग झालं तं." पण कुकर लावताना माझ्या मनात आलं, नावच सांगायचं होतं तर ते फोनपाशी का उभे होते? आणि त्या दिवसापासूनच का? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, त्यांना फोनच करायचा होता, हे उघड आहे. थेरपिस्टला विचारलं. ती म्हणाली, "लहानपणापासून घोटलेलं उत्तर असेल तर प्रश्न कानावर पडला की ते आपोआप येतं. त्यावरून आधी त्यांना काय म्हणायचं होतं, हे ठरवता येत नाही." म्हणजे आम्ही पुन्हा जिथे होतो तिथेच.

काकांनी मात्र तो शब्द त्यानंतर सोडून दिला. मुलाचा फोन दर रविवारी दुपारी घरच्या नंबरवर यायला लागला. तो एकेक प्रश्न विचारायचा, काका कधी उत्तर द्यायचे, कधी नुसते ऐकायचे. मी मंगळवारी जायची. शब्द तोडण्यात माझी प्रगती म्हणावी तर इतकीच, की चुकल्यावर काका आता हात काढून घेत नसत, माझाच हात धरून थापा द्यायचे.

ईस्टरला मुलगा आला. काकांपेक्षा उंच, पण चालायची ढब तीच. एका दुपारी ऊन पडलं म्हणून आम्ही सगळे समुद्रावर गेलो. सासूबाई परत गेल्या होत्या. काकांना व्हीलचेअरवर बसवलं होतं. वारा एवढा होता की मावशींचा स्कार्फ तोंडावर येत होता. काकांना थोडं पुढे नेऊन मावशी त्यांना काहीतरी दाखवत होत्या, तेव्हा मुलगा माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"तू तेव्हा तिथे होतीस," तो म्हणाला. "फोनच्या आधीचे सगळे दिवस. त्यांना मला फोन करायचा होता का?"

मला हो म्हणता आलं असतं. त्याला तेच ऐकायचं होतं हे दिसत होतं.

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "मी खूप ऐकलं. पण मला ऐकून कळत नाही."

त्याने मान हलवली. "मलाही नाही कळलं," तो म्हणाला. "माझं स्पॅनिश व्हॅनमधलं आहे. शाळेत जायला लागल्यावर मी त्यांना इंग्रजीतच उत्तरं द्यायला लागलो."

आम्ही पुढे गेलो. काकांनी डावा हात उचलून समुद्राकडे दाखवला आणि बोलायला लागले. लांबलचक वाक्य. कधी आवाज चढला, कधी उतरला, मधे थांबले, पुन्हा सुरू झाले. शेवटी प्रश्न विचारल्यासारखा सूर वर गेला. चाल सगळी होती, पण शब्द एकही नव्हता, स्पॅनिश नाही की इंग्रजी नाही. मुलाने माझ्याकडे बघितलं. मी मावशींकडे बघितलं.

"हो ना," मावशी म्हणाल्या. "मलाही तसंच वाटतं." आणि खाली वाकून त्यांनी काकांच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावली.